निवेदकाचा आवाज थांबल्यावर

सिनेमा सुरू होण्याआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट बघावा लागायचा, ती पिढी अजून आपल्यात आहे. आज ओडिशातलं धरण, पुढच्या आठवड्यात कच्छचं भरतकाम. प्रदेश बदलायचा, निवेदकाचा भारदस्त सूर बदलत नसे. भाषा वेगळी असली तरी मजकूर एकच. त्याच्याही आधी इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे ८ खंड काढले आणि इथल्या जातीजमातींची छायाचित्रं दप्तरी नोंदीसारखी मांडली. आपल्याकडे कॅमेरा असा बराच काळ कारभाऱ्यांच्या शेजारी उभा होता. तो तिथून हलला का, या एका प्रश्नावर मी व्हिडिओ कलेची पारख करू पाहतो.

व्हिडिओ कलाकार नलिनी मलानी यांचा जन्म १९४६चा, कराचीतला. पोखरणच्या अणुचाचण्या १९९८च्या मे महिन्यात झाल्या आणि त्याच वर्षी त्यांनी मंटोच्या फाळणीवरच्या कथेचा धागा धरून ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ रचलं. त्यातले काही पडदे पत्र्याच्या ट्रंकांत ठेवलेले आहेत. फाळणीत संसार भरून नेलेल्या ट्रंका त्या. बघणाऱ्याला त्यांत वाकून डोकावावं लागतं. नकाशावरची रेघ इथे घरातल्या सामानापर्यंत येऊन पोचते.

मुंबईच्या ‘कॅम्प’ या गटाचं ‘फ्रॉम गल्फ टु गल्फ टु गल्फ’ (२०१३) मला या साऱ्या कामांत सर्वांत मोलाचं वाटतं. कच्छच्या आखातापासून इराणच्या आणि एडनच्या आखातापर्यंत लाकडी जहाजं हाकणाऱ्या खलाशांनी स्वतःच्या मोबाइलवर टिपलेली दृश्यं त्यात आहेत. शेळ्या चढवल्या जातात, दर्या खवळतो, मधूनच एखादं जहाज पेटतं. खलाशांनी आपल्या क्लिपांना जोडलेली गाणी तशीच ठेवली आहेत. जुन्या फोनचं चित्र फुटतं, ते फुटलेलंच दिसतं. निवेदक नाही. हा कुठला प्रदेश म्हणायचा? गुजरात म्हणावं तर अपुरं पडतं आणि भारत म्हणूनही भागत नाही. वसाहतीच्या सरहद्दींहून जुना असा एक दर्यावर्दी मुलूख आहे, आणि तो आपलं चित्रण स्वतः करतो.

गुवाहाटीच्या ‘डिझायर मशीन कलेक्टिव्ह’चं ‘रेसिड्यू’ २०११मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत भारताच्या दालनात होतं. बंद पडलेलं औष्णिक वीज केंद्र आणि त्यावर चढलेलं रान. दृश्यं देखणी आहेत, पण माझं मन भरलं नाही. गंजलेला कारखाना कुठलाही असू शकतो. तिथे राबलेल्यांची बोली ऐकू येईपर्यंत तो आसामचा होत नाही. ब्रह्मपुत्रेवरच्या फेरीबोटीत याच गटाने कलाकारांसाठी जागा उभी केली, ते काम मला अधिक खोल वाटतं.

चित्रपटकार अमर कंवर यांच्या ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’ या मांडणीतही मुख्य चित्रपटात निसर्गच दिसतो: ओडिशात उद्योगांसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनी, वाऱ्याने हलणारं गवत. मग त्याला वेगळा न्याय का? त्याच्या शेजारी देशी भाताच्या अडीचशेहून अधिक वाणांचं बियाणं मांडलं आहे आणि जमिनीच्या लढ्यांतले कागद आहेत. त्यामुळे गवत नुसतं सुंदर राहत नाही, ते पुरावा होतं. २०१२मध्ये जर्मनीतल्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात गाजलेलं हे काम त्याच वर्षी भुवनेश्वरलाही मांडलं गेलं. ज्यांची जमीन, त्यांना ते आपल्या राज्यात बघता आलं.

इथेच या कलेचं मोठं दुखणं आहे. प्रदेशाचं चित्र प्रदेशाबाहेर जातं आणि बहुधा परत येत नाही. मुंबई या कलेचं माहेर. १९६९मध्ये चित्रकार अकबर पदमसींनी ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं तेही इथेच. तरी मराठी वाचकाला ही नावं परकी वाटतात, कारण आपल्या गावात ती पोचलीच नाहीत.

महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांनी जगाचा सिनेमा जिल्ह्याच्या गावी नेला आहे. त्यांना विनंती आहे: ‘कॅम्प’चं खलाशांच्या दृश्यांचं काम ८३ मिनिटांचं आहे. परवानगी मागा आणि ते रत्नागिरीत, मालवणात, ज्यांच्या घरचे पुरुष बोटीवर गेले त्यांच्यापुढे लावा.