आधी कोण पोचतं? जखमेवरचा २००९चा एक पेपर वाचताना

पाठ्यपुस्तकातला दाह लाली, उष्णता, सूज आणि वेदना इथून सुरू होतो. पण ही लक्षणं दिसेपर्यंत गोष्ट बरीच पुढे गेलेली असते. कापलेल्या ऊतीकडून पांढऱ्या पेशींना पहिला निरोप जातो कसा? नीटहॅमर, मिचिसन आणि सहकाऱ्यांचा ‘नेचर’मधला पेपर (२००९) याच प्रश्नावर आहे. संशोधनाची तयारी करत असाल तर तो वाचाच, पण जरा भांडत वाचा.

जखमेतलं हायड्रोजन पेरॉक्साइड म्हटलं की आपल्याला आठवतात जंतू मारायला ते बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी. या मंडळींनी क्रमच तपासला. झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लात ‘हायपर’ हे पेरॉक्साइड दाखवणारं चमकतं प्रथिन घातलं आणि शेपटीचा पर कापला. साधारण ३ मिनिटांत जखमेच्या कडेला पेरॉक्साइड वाढू लागलं, २० मिनिटांच्या आसपास शिगेला पोचलं. कडेपासून आत १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंत ते उतरत गेलेलं दिसलं. पांढऱ्या पेशी पोचायच्या आधीच! म्हणजे ते बनवत होत्या त्वचेच्याच पेशी.

आधी घडलं म्हणजे कारण ठरलं, असं नाही. म्हणून त्यांनी पेरॉक्साइड बनवणारं ‘ड्युऑक्स’ हे एन्झाइम दोन प्रकारे रोखलं: औषधाने आणि जनुकीय मार्गाने. औषध इतर एन्झाइमांनाही अडवतं. मॉर्फोलिनोचेही भलतीकडे परिणाम होऊ शकतात. पण दोन्हींच्या खोडी वेगळ्या, आणि निष्कर्ष एकच: पांढऱ्या पेशींचं झटपट येणं मंदावलं. पेपरचा सगळ्यात भक्कम भाग हाच.

आता तक्रार. ड्युऑक्स पेरॉक्साइड पेशीबाहेर सोडतं, हायपर मात्र पेशीच्या आतलं मोजतं. येणाऱ्या पांढऱ्या पेशीला बाहेर नेमकं काय जाणवतं, ते चित्रात थेट दिसत नाही. शिवाय हायपर पीएचलाही दाद देतं, तेव्हा असा आलेख दिसला की पीएचचं कंट्रोल कुठे आहे ते आधी शोधायचं.

पुढच्या कामाने चित्र भरलं आणि गुंतागुंतही वाढवली. २०११ मध्ये न्यूट्रोफिलमधलं ‘लिन’ हे प्रथिन पेरॉक्साइड ओळखतं असं दिसलं. २०१३ मध्ये नीटहॅमरच्याच गटाने दाखवलं, की पिल्लू शरीरद्रवाइतक्या खारट पाण्यात ठेवलं तर प्रतिसाद दबतो. जखमेतून शिरणारं गोडं पाणी हाही निरोपच. आपली त्वचा गोड्या पाण्यात नसते, हे माणसाबद्दल लिहिताना विसरू नका.

म्हणून सारांशात ‘पेरॉक्साइड दाह सुरू करतं’ असं लिहू नका. ‘या माशात, पांढऱ्या पेशी लवकर पोचायला ते लागतं’ असं लिहा. वाक्य लांबतं, पण मुलाखतीत टिकतं.