पालुपदाचा अवकाश : बतुकम्मा, भोंडला आणि ओवी

तेलंगणातील बतुकम्मा आणि महाराष्ट्रातील भोंडला हे दोन्ही स्त्रियांचे शारदीय उत्सव आहेत. दोन्हींत फेर आहे, मध्यभागी पूज्य वस्तू आहे आणि शेवटी वाटून खाण्याचा पदार्थ आहे. या साम्यावरून दोहोंची गणना ‘सुफलनविधी’ या एकाच सदरात करण्याचा प्रघात आहे. ही गणना चुकीची नाही. मात्र ती उत्सवाच्या बाह्यांगावर थांबते आणि गीताच्या रचनेपर्यंत पोहोचत नाही.

बतुकम्मा भाद्रपद अमावास्येला सुरू होते आणि दुर्गाष्टमीच्या सुमारास ‘सद्दुल बतुकम्मा’ने संपते. तंगेडू म्हणजे आपला तरवड आणि गुनुगू म्हणजे कुरडू. माळरानावरची ही बिनकिमतीची फुले थरावर थर देऊन ताटात शंकूच्या आकारात रचतात, शेंड्यावर हळदीची गौरम्मा बसवतात आणि संध्याकाळी फेर झाल्यावर ती रचना तळ्यात सोडून देतात. गाण्यात एकीने अर्धी ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ‘उय्यालो’ हे झोपाळ्याचे पालुपद घ्यायचे, असा क्रम असतो. हे पालुपद अलंकरणापुरते नाही. म्हणणारीला पुढची अर्धी ओळ आठवायला, प्रसंगी जुळवायला, ते उसंत देते. मौखिक महाकाव्याच्या गायकाला ठरीव शब्दबंध कसा आधार देतात, हे आल्बर्ट लॉर्ड यांनी ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) या ग्रंथात दाखवले. येथे तेच काम समूहाचा आवाज करतो. म्हणूनच धर्मांगद राजाच्या घरी नवसाने जन्मलेल्या मुलीची कथा, सासुरवास आणि ताजी घटना एकाच चालीत सामावू शकतात.

भोंडल्याची घडण निराळी आहे. तेथे गाणे साखळीने पुढे सरकते. सासू, सासरा, दीर, जाऊ अशा ठरलेल्या जागा क्रमाने भरल्या जातात. पुढची कडी ठाऊक असण्यातच त्यातला आनंद आहे. ठाऊक नसण्याचा आनंद खिरापत ओळखण्यासाठी राखून ठेवलेला असतो. शब्द बदलतात, पण कथा घराचा उंबरठा सहसा ओलांडत नाही. रचनेच्या दृष्टीने बतुकम्माचे मराठीतील खरे भावंड भोंडला नसून जात्यावरची ओवी आहे. जात्याच्या फेऱ्यातही अशीच उसंत असते. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी केलेल्या संकलनात डॉ. आंबेडकरांवरील ओव्या आढळतात. विठ्ठल, भाऊ आणि बाबासाहेब एकाच छंदात येऊ शकले, कारण तो छंद मुळातच उघडा होता.

पृथक् तेलंगणाच्या आंदोलनात बतुकम्मा रस्त्यावर आली. तिच्या चालीवर नव्या मागण्यांची गाणी रचली गेली, ती याच उघडेपणामुळे. तेव्हा परंपरेचे राजकारण झाले असा आक्षेप घेणाऱ्यांनी ही घडण लक्षात घेतलेली दिसत नाही. खरा बदल त्यानंतरचा आहे. २०१४ साली राज्य झाले, बतुकम्मा राज्योत्सव ठरली, तंगेडू राज्यपुष्प झाले. २०१६ साली हैदराबादच्या लाल बहादूर स्टेडियमवर विक्रमासाठी हजारो स्त्रियांनी फेर धरला. एवढ्या मोठ्या फेरात एकीचा आवाज पोहोचत नाही. तेथे ध्वनिक्षेपक आणि ध्वनिमुद्रित गाणे लागतेच. मुद्रित गाण्यात पालुपद असते, पण ते कोणाची वाट पाहत नाही. आठवणारी आणि जुळवणारी स्त्री त्यातून वजा झालेली असते. पिठाच्या गिरणीने ओवीचा प्रसंगच हिरावून घेतला. बतुकम्माचा प्रसंग टिकला, वाढला, सन्मानितही झाला. मात्र त्यातली उसंत कमी झाली. दोन हानींचे स्वरूप वेगळे आहे आणि दुसरी ओळखणे अधिक कठीण आहे, कारण उत्सव डोळ्यांसमोर भरभराटीला आलेला असतो.

संकलकांचाही यात थोडा वाटा आहे. पालुपद पहिल्या ओळीला छापून पुढे गाळण्याची रीत मराठी लोकगीतसंग्रहांत रूढ आहे. त्यामुळे छापील पाठात गीत सलग कथनासारखे दिसते आणि म्हणणारी कोठे थांबत होती, हे कळत नाही. सोलापुरातील पद्मशाली वस्त्यांत तेलुगू भाषक स्त्रिया बतुकम्मा खेळतात आणि शेजारी मराठी भोंडलाही असतो. दोन्ही परंपरा एका हाकेच्या अंतरावर नोंदवता येतील अशी ही जागा आहे; तेथील नोंदीत प्रत्येक पालुपद, त्याच्या लांबीसह, उतरवावे लागेल.