त्रिलोक गुर्टू यांचा जाझ आणि आईची ठुमरी

जाझ म्हणजे साहेबांचे, बड्या हॉटेलांतले संगीत, असा आपल्याकडे समज आहे. वास्तविक ते घडविले गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या अमेरिकेतील काळ्या समाजाने. ठरलेल्या सुरावटीच्या आधारे वादकाने त्या क्षणी सुचेल ते वाजवायचे, हा त्याचा गाभा. ज्याला 'उपज' हा शब्द ठाऊक आहे, त्याला जाझ परका वाटण्याचे कारण नाही.

मुंबईत १९५१ साली जन्मलेले त्रिलोक गुर्टू हे याचे उत्तम उदाहरण. शाह अब्दुल करीम यांच्याकडे ते तबला शिकले. पुढे युरोपात जाऊन त्यांनी १९७० च्या दशकात ट्रम्पेटवादक डॉन चेरी यांना साथ केली. जमिनीवर बसून तबला आणि पाश्चात्त्य ड्रम एकत्र वाजविण्याची, झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा नाद वाकविण्याची त्यांची पद्धत जगभर गाजली.

१९८८ साली 'उस्फ्रेट' हा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम करताना त्यांनी डॉन चेरींना बोलाविले आणि आपल्या आईलाही, म्हणजे ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांना. एका रचनेचे नावच 'शोभारॉक' आहे. प्रेरणा कोठून आली, हे येथे शोधावे लागत नाही. ती स्वतः गाते आहे.

आमच्या रहाटणीत पोटासाठी गावोगावची माणसे येऊन राहिली आहेत. एका गल्लीत चार बोली ऐकू येतात. त्यामुळे उसने घेणे आणि आपलेसे करणे यांतला फरक आम्ही रोज पाहतो. गुर्टूंनी आईचा आवाज सजावटीसाठी वापरलेला नाही, त्याला मैफलीत मानाची जागा दिली आहे. एक उणीव मात्र जाणवते. ठुमरीत एकाच बोलाचे नाना भाव उलगडायला उसंत लागते. ड्रमच्या रेट्यात ती उसंत कमी पडते.

२०१३ च्या 'स्पेलबाउंड'मध्ये त्यांनी डिझी गिलेस्पी, माइल्स डेव्हिस, डॉन चेरी अशा ट्रम्पेटवादकांना सलाम केला. तालवाद्याच्या कलावंताने फुंकीच्या वाद्याचे ऋण मानावे, यात मनाचा मोठेपणा आहे. तरी आमच्या मते 'उस्फ्रेट'चे मोल अधिक. तेथे ऋण घरातले आहे, आणि घरातले ऋण माणूस सहज विसरतो.

या घराच्याही मागे आणखी घरे आहेत. शोभाताईंच्या आई मेनकाबाई शिरोडकर या कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. शोभाताईंना तालीम मिळाली ती खाँसाहेबांचे पुत्र भुर्जी खाँ यांची, आणि ठुमरी-दादऱ्याची घम्मन खाँ यांची. म्हणजे 'शोभारॉक'मध्ये जो आवाज युरोपात पोचला, त्यात कोल्हापूरची तालीम आहे आणि मुसलमान उस्तादांची मेहनत आहे.

शोभाताई २००४ साली गेल्या. मुलाच्या अल्बममुळे त्यांचा आवाज जाझच्या श्रोत्यांपर्यंत गेला. त्यांच्या उस्तादांची नावे मात्र आपल्याच मुलांना ठाऊक नसतात. वर्गात आम्ही 'शागीर्द' शब्दाचा अर्थ सांगतो, तेव्हा उदाहरण म्हणून आता ही नावे सांगतो. वाचकांनीही आपल्या घरी ती सांगावीत.