वेगाचे श्रेय कोणाला?

संगणक मंद चालू लागला की आपण पहिला दोष देतो तो प्रोसेसरला. वर्गातही वेगाची चर्चा बहुधा प्रोसेसर आणि स्मृती यांच्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते. डिस्कवर माहिती कोणत्या रीतीने मांडली आहे, यावरही वेग अवलंबून असतो, हे राहूनच जाते. ही उणीव दाखवून देणारा एक निबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला: ‘ए फास्ट फाईल सिस्टिम फॉर युनिक्स’. लेखक होते बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री. हा निबंध आजही वाचावा असा आहे. मात्र तो डोळसपणे वाचायला हवा.

फिरत्या डिस्कवरील माहिती वाचण्यासाठी हेडला योग्य वर्तुळावर सरकावे लागते आणि हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत थांबावे लागते. माहितीचा तुकडा लहान असेल तर प्रत्यक्ष वाचनापेक्षा या धावपळीतच अधिक वेळ जातो. मूळ युनिक्समध्ये हा तुकडा ५१२ बाइटचा होता. शिवाय १५० मेगाबाइटच्या विभागात पहिले ४ मेगाबाइट फायलींच्या नोंदींचे आणि पुढचे १४६ मजकुराचे. ग्रंथालयाची सूची तळमजल्यावर, पुस्तके तिसऱ्या मजल्यावर आणि एकाच ग्रंथाचे खंड निरनिराळ्या कपाटांत, अशी ही अवस्था. तुकडा १०२४ बाइटचा केल्यावर वेग दुपटीहून अधिक वाढला, तरीही डिस्कच्या क्षमतेपैकी सुमारे ४ टक्केच उपयोगात येत होती. त्यातही नव्याने तयार केलेल्या मांडणीत सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत मिळणारा वेग काही आठवड्यांच्या वापरानंतर ३० वर येई. यंत्र तेच, प्रोसेसर तोच; फायली लिहून-पुसून मोकळ्या जागा तेवढ्या विखुरलेल्या!

लेखकांनी तुकडा ४०९६ बाइटचा केला. पण लहान फायलींना एवढे मोठे तुकडे दिले तर ४५.६ टक्के जागा वाया जाते, हे त्यांनी मोजून पाहिले. म्हणून फाईलच्या शेवटच्या भागासाठी त्या तुकड्याचे आणखी लहान भाग पाडले. जवळजवळची वर्तुळे एकत्र करून त्यांचे गट केले, आणि फाईलची नोंद व मजकूर शक्यतो एकाच गटात ठेवला. सुमारे १० टक्के जागा मुद्दाम मोकळी राखली. डिस्क पूर्ण भरली तर वेग निम्म्यावर येतो, हेही स्पष्ट सांगितले. फायद्याबरोबर त्याची किंमतही मांडणे, हा या निबंधाचा मोठा गुण होय. चाचण्याही किमान महिनाभर वापरात असलेल्या डिस्कवर घेतल्या, कोऱ्या डिस्कवर नव्हे.

आता आक्षेप. नव्या पद्धतीने डिस्कची ४७ टक्के क्षमता वापरात येते, हा आकडा वारंवार सांगितला जातो. परंतु निबंधातील तक्ता नीट पाहिला तर जुन्या पद्धतीची चाचणी ‘युनिबस’ या जोडणीवर झालेली दिसते आणि ४७ टक्के मिळाले ते ‘मासबस’ या अधिक वेगवान जोडणीवर. समान जोडणीवर तुलना केली तर सेकंदाला २९ किलोबाइटचे २२१ झाले, म्हणजे क्षमतेच्या २२ टक्के. साडेसात पटींची ही वाढ मोठीच आहे. पण ४७ मधले सगळेच श्रेय फाईल पद्धतीचे नव्हे.

दुसरी मर्यादा काळाने दाखवली. डिस्कची अंतर्गत रचना संगणकाला ठाऊक असते, हे या पद्धतीने गृहीत धरले होते. पुढच्या डिस्क ती लपवू लागल्या. लहान फायली लिहिताना ही पद्धत फार वेळ घेते, हे रोझेनब्लूम आणि औस्टरहाउट यांनी १९९१ मध्ये दाखवले आणि सर्व लेखन ओळीने एकापुढे एक करणारी वेगळी रचना मांडली. आणि आजच्या एसएसडीत तर फिरणारी चकतीही नाही, सरकणारे हेडही नाही. तरी गटांची कल्पना टिकली. लिनक्समधील एक्स्ट ४ पद्धतीत ती आजही आहे.

विद्यार्थ्यांसमोर हा निबंध ठेवायचा तो याचसाठी. ‘नवे यंत्र घ्या’ असे म्हणण्यापूर्वी वेळ नेमका कुठे जातो ते मोजावे, आणि मोजलेला आकडा कोणत्या परिस्थितीत मिळाला तेही विचारावे. पहिली सवय या निबंधापासून शिकता येते. दुसरी त्याच निबंधावर आजमावून पाहता येते.