शिल्लक जुळली, पण तपशील?

बँकेच्या खातेउताऱ्याचे छायाचित्र काढावे, ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवाली करावे आणि थोड्याच वेळात तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक अशा रकान्यांचा नीटनेटका तक्ता हाती घ्यावा, अशी सोय आता झाली आहे. तिच्याबद्दल बोलताना ‘यंत्र उतारा वाचते’ असे सर्रास म्हटले जाते. या ‘वाचते’ शब्दाविषयीच आमची तक्रार आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा प्रश्न केवळ हिशेबनिसाचा राहत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली वनहक्क मिळाला आणि त्या ग्रामसभेनेही बांबूची विक्री स्वतः सुरू केली. पेसा क्षेत्रातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचाही व्यवहार स्वतः करतात. म्हणजे जो पैसा पूर्वी वनखात्याच्या किंवा कंत्राटदाराच्या वहीत फिरत असे, तो आता ग्रामसभेच्या बँक खात्यात येतो आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर मांडावा लागतो. तिथे एखादा आकडा चुकला, तर संशय यंत्रावर जात नाही. तो हिशेब ठेवणाऱ्या शेजाऱ्यावर जातो.

यंत्राला दिसते काय, ते आधी पाहू. बँकेने संगणकावरून दिलेल्या पीडीएफ उताऱ्यात बहुधा रकाने नसतातच. अमुक अक्षर पानावर अमुक ठिकाणी छापा, एवढ्याच सूचना त्यात असतात. १८,६३० ही रक्कम ‘नावे’ आहे की ‘जमा’, हे ती पानावर कुठे उभी आहे यावरून आपण ठरवतो. पासबुकाच्या छायाचित्रात तर अक्षरेही नसतात, नुसते काळे-पांढरे ठिपके असतात. शाई फिकी, एका ओळीवर दुसरी ओळ छापलेली, कोपरा दुमडलेला. अशा ठिपक्यांतून अक्षर ओळखणारे जुने प्रोग्राम अडले की काहीतरी विचित्र चिन्हे उमटवत. चूक डोळ्यांत भरे. नवी भाषाप्रारूपे अशा जागी आजूबाजूचा मजकूर पाहून सर्वांत संभाव्य वाटेल ते लिहितात. त्यांची चूकही सुबक असते, आणि आम्हांला तिचीच अधिक भीती वाटते.

सुबक चुकीचा दाखला यापूर्वीही मिळालेला आहे. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे कागद स्कॅन करताना ६ च्या जागी ८ छापत होती. जागा वाचवण्यासाठी सारखे दिसणारे ठसे एकच मानण्याची युक्ती त्यांत वापरली होती. प्रत स्वच्छ होती, आकडे ठळक होते. फक्त काही आकडे वेगळे होते.

मग तपासायचे कसे? सुदैवाने खातेउताऱ्याच्या पोटातच एक कसोटी असते: मागील शिल्लक अधिक जमा, उणे नावे, बरोबर नवी शिल्लक. समजा शिल्लक ४८,२५० आहे. १,२५,००० जमा झाले, शिल्लक १,७३,२५०. मग १८,६३० नावे पडले, शिल्लक १,५४,६२०. यंत्राने १८,६३० चे १८,३६० केले, तर आपल्या गणिताने १,५४,८९० येतात, फरक २७०. या फरकाला ९ ने निःशेष भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटे पडले की असे नेहमीच होते, कारण (१०अ + ब) वजा (१०ब + अ) म्हणजे ९(अ – ब). नावे रक्कम जमेत गेली, तर फरक त्या रकमेच्या दुप्पट, येथे ३७,२६०, येतो. सातवी-आठवीच्या वर्गात हे जरूर करून पाहावे. अट एकच: शिल्लक कागदावरची जशीच्या तशी उतरवून घ्यावी आणि पडताळणीचे सूत्र स्प्रेडशीटमध्ये स्वतः वेगळ्या रकान्यात घालावे. ‘शिल्लक जुळवून दे’ असे यंत्रालाच सांगितले, तर ते आकडा बदलूनही जुळवून देईल.

पण ही कसोटी फक्त रकमांवर पहारा देते. तपशिलाचा रकाना एक ओळ खाली सरकला, तरी सर्व शिल्लका जुळतात! तेंदूच्या हंगामात एकाच व्यापाऱ्याकडून मजुरीचे पैसे येतात आणि स्वामित्वधनाचेही. पहिले पुडे आणून देणाऱ्या घरांचे, दुसरे गावाचे. उताऱ्यावर मात्र दोन्हींपुढे व्यापाऱ्याचेच नाव असू शकते. यंत्र आपण होऊन ‘प्रकार’ असा रकाना जोडून त्यात ‘मजुरी’ लिहिते, तेव्हा ते कागदावरचे वाचन नसते, यंत्राचे मत असते. नावांचेही तसेच. रोमन लिपीतल्या स्पेलिंगवरून आत्राम, मडावी, मेंढा ही नावे मराठीत आणताना अत्रम, माधवी, मेंधा काहीही होऊ शकते. आणि एकाच आडनावाची दहा घरे असलेल्या गावात आद्याक्षर चुकले की मजुरी दुसऱ्याच्या नावावर दिसते.

तारखांचा घोटाळा तर स्प्रेडशीटचा जुनाच. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल. अमेरिकी पद्धतीने मांडलेल्या स्प्रेडशीटला ४ मार्च. नोंद थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडते. ‘मार्च१’सारख्या जनुकांच्या नावांच्या एक्सेलने इतक्या वेळा तारखा केल्या, की २०२० साली शास्त्रज्ञांनी शेवटी त्या जनुकांचीच नावे बदलली. शिवाय एक्सेल संख्येचे पंधराच अंक जपते. सोळा अंकी खातेक्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. असे क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवावेत.

यंत्राच्या बाजूनेही बोलले पाहिजे. प्रत्येक बँकेचा साचा निराळा, तपशील कधी दोन ओळींचा, कधी तीन; जुन्या प्रोग्रामना प्रत्येक साच्यासाठी वेगळे नियम लिहून द्यावे लागत. ही कटकट नव्या साधनांनी खरोखरच कमी केली आहे. मात्र बँक जर तोच उतारा स्प्रेडशीटच्या रूपात देत असेल, तर आकड्यांचा कागद, कागदाचे छायाचित्र आणि छायाचित्राचे पुन्हा आकडे हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? आधी बँकेत विचारावे. छायाचित्रच पाठवायचे झाले, तर त्यावरील माणसांचे खातेक्रमांक झाकून पाठवावे. २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याचा धाक नसता तरीही.

मेंढ्यात निर्णयापूर्वी अभ्यासगटात बसून विषय समजून घेण्याची पद्धत आहे. उताऱ्यालाही ती चालेल. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने तक्त्यातील ओळीवर बोट ठेवावे, आणि ‘प्रकार’ हा रकाना ज्यांना तो व्यवहार ठाऊक आहे त्यांनी हाताने भरावा. वाचणारा शाळेतला विद्यार्थी असला तरी चालेल.