पंख्याचं स्थळ

स्थळ सुचवणाऱ्याला आपल्याकडे यश म्हणून नाही. संसार सुखाचा झाला तर ती मुलीची पुण्याई. बिनसला की ‘तुम्हीच सुचवलं होतंत!’ मी एका रविवार पुरवणीत घरगुती यंत्रांविषयी लिहितो, तेव्हा धंदा म्हणाल तर माझाही तोच. फरक इतकाच, की स्थळ सुचवणाऱ्याला निदान लग्नात जेवायला बोलावतात. मला पत्रं येतात.

गेल्या उन्हाळ्यात मी बीएलडीसी पंख्याची शिफारस केली. बीएलडीसी म्हणजे आत ब्रश नसलेली, चुंबकावर चालणारी मोटर. छताचा साधा पंखा पूर्ण वेगात 75 वॉटच्या आसपास वीज खातो; हा 30 वॉटच्या आसपास भागवतो. रोज 10 तास, वर्षातले 300 दिवस चालवला तर 135 युनिटं वाचतात. युनिटला 8 रुपये धरा, झाले 1080. पंख्याला दीड हजार जास्त मोजले तरी दीड वर्षाच्या आत वसूल. हिशेब इतका सरळ, की यातून भांडण उकरून काढायला मराठी वाचकच हवा. तो मला लाभला आहे.

आलेल्या पत्रांचे मी गठ्ठे केले आहेत. पहिला गठ्ठा ‘कंपनीकडून किती पंखे आले?’ असं विचारणाऱ्यांचा. हे पत्र वाचून लेखकानं खवळायचं असतं. मी खवळत नाही, कारण प्रश्न रास्त आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी 2022 साली केंद्र सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या. वस्तूची भलामण करणाऱ्याचे विकणाऱ्याशी लागेबांधे असतील तर ते उघड सांगितले पाहिजेत, असं त्यांत आहे. माझा पंखा गाठच्या पैशांचा. पावती कपाटात आहे. कपाटाची किल्ली हिच्याकडे आहे, पण तो विषय वेगळा.

दुसरा गठ्ठा, ‘पाच तारे आहेत हो, पण वारा कुठाय?’ छताच्या पंख्यांवर तारांकनाचं लेबल 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचं झालं आणि लोकांना वाटलं, जितके तारे तितका वारा. पण हे तारे वाऱ्याचे नव्हेत. पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलतो, त्याला तो खातो त्या वॉटनी भागायचं. येईल त्या भागाकाराचे हे तारे. वारा जरासा कमी आणि वीज पुष्कळ कमी, तरी भागाकार वाढतोच. छत्तीस गुण जुळले म्हणजे नवरा घोरत नाही, असं थोडंच आहे? तेव्हा ताऱ्यांबरोबर हवेचा आकडाही विचारून घ्या, हे मी त्याच लेखात लिहिलं होतं. पण लेख काय नि लग्नपत्रिका काय, शेवटपर्यंत कोण वाचतो? मुहूर्त आणि जेवणाची वेळ बघितली की झालं.

तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मंडळींचे पैसे वसूल होत नाहीत. एका गृहस्थांनी वर्षभराची बिलं जोडून पाठवली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की पंखा पाहुण्यांच्या खोलीत लावला आहे. रोजचे दोन तास धरले तर वर्षाला 216 रुपये वाचणार, म्हणजे वसुलीला सात वर्षं. पाहुणे वाढवणं हा एक उपाय आहे, पण तो पंख्यापेक्षा महाग पडतो.

चौथा गठ्ठा म्हणजे एकच कार्ड. एका आजींचं. त्यांचा जुना पंखा भिंतीवरच्या बटणानं कमीजास्त व्हायचा. नवा आल्यावर वायरमननं ते बटण काढून टाकलं. आता रिमोट असतो नातवाच्या उशाशी, दुसऱ्या खोलीत. पहाटे गार वाटू लागलं की आजींना पंखा कमी करता येत नाही. अजिबात बंद केला तर डास फोडून खातात. दिवसभर राबून आलेल्या पोराला पंख्यासाठी उठवणं जिवावर येतं. म्हणून त्या डोक्यावरून पांघरूण घेऊन उजाडायची वाट बघत पडून राहतात. बिल कमी आलं, हे त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं आहे.

याला मी टीका म्हणतो. बाकीच्यांनी मला तपासलं, फार तर बिल तपासलं. आजींनी पंखा तपासला. पहाटे चार वाजता घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा हात त्या बटणापर्यंत पोचतो का, याचा तारा कुठल्याही लेबलावर नाही. ते घरात राहणाऱ्यानंच सांगायचं. ‘पंखा भिकार आहे’ किंवा ‘लेखक विकला गेला’ यानं पुढच्या गिऱ्हाइकाच्या पदरात काही पडत नाही. खोली कुठली, तास किती आणि बटण कुणाच्या हाताशी, एवढं कळलं तर तो बिचारा आपलं आपण ठरवील.

भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी पंखेही आता मिळतात, हे आजींना कळवलं आहे. तोवर रिमोट त्यांच्या उशाशी ठेवावा, असं नातवालाही कळवलं आहे.

बाकीच्यांनीही खुशाल लिहावं. फक्त पंखा मुळीच फिरत नसेल, तर भिंतीवरचा खटका चालू आहे ना, एवढं आधी बघावं. त्या पत्रांचा पाचवा गठ्ठा करावा लागणार, अशी चिन्हं आहेत.