विश्वचषक फुटबॉल २०२२ चे प्रक्षेपण : चित्र, समालोचन आणि भाषा

प्रस्तावना

क्रीडास्पर्धेचे थेट प्रक्षेपण हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, हे मराठी समीक्षेने अद्याप फारसे मनावर घेतलेले नाही. नाटकाच्या प्रयोगाची, चित्रपटाची आणि अलीकडे दूरचित्रवाणी मालिकांचीही संहिता म्हणून चिकित्सा होते. सामना मात्र ‘जसा घडला तसा दाखविला’ या समजुतीने बाजूला ठेवला जातो. वस्तुतः घरी बसून सामना पाहणाऱ्याला तो जसा घडतो तसा कधीच दिसत नाही. कोणता कॅमेरा केव्हा घ्यायचा, कोणता क्षण पुन्हा दाखवायचा, कोणत्या चेहऱ्यावर किती वेळ थांबायचे आणि त्या साऱ्यावर कोणत्या भाषेत काय बोलायचे, असे असंख्य निर्णय त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी घेतलेले असतात. प्रस्तुत लेखात कतार येथे २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर २०२२ या काळात झालेल्या पुरुषांच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा, विशेषतः ते भारतीय आणि त्यातही मराठी प्रेक्षकापर्यंत ज्या रूपात पोहोचले त्याचा, विचार केला आहे.

या स्पर्धेचे भारतातील हक्क व्हायाकॉम १८ या कंपनीकडे होते. ३२ संघांचे ६४ सामने स्पोर्ट्स १८ वाहिनीवर आणि जिओसिनेमा या डिजिटल मंचावर दाखविण्यात आले. जिओसिनेमावर ते विनामूल्य होते. (हा मंच २०२५ मध्ये जिओहॉटस्टारमध्ये विलीन झाला.) पहिल्याच दिवशी, कतार विरुद्ध इक्वेडोर या सामन्यात, चित्र वारंवार अडकत असल्याच्या तक्रारी झाल्या आणि कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढे ही अडचण बरीच दूर झाली, आणि अंतिम सामना आपल्या मंचावर ३ कोटी २० लाख प्रेक्षकांनी पाहिल्याचा दावा कंपनीने केला. वृत्तपत्रांतील बहुतेक चर्चा या दोन टोकांभोवतीच, म्हणजे तांत्रिक बिघाड आणि प्रेक्षकसंख्या यांभोवती, फिरत राहिली. जे दाखविले गेले ते कसे होते, हा प्रश्न मागेच राहिला.

पुरविलेले चित्र

दूरचित्रवाणीने फुटबॉलला नुसते दाखविले नाही, तर घडविलेही आहे. १९७० च्या मेक्सिको स्पर्धेत काळ्या-पांढऱ्या ३२ तुकड्यांचा ‘टेलस्टार’ चेंडू आला, तो कृष्णधवल पडद्यावर नीट दिसावा म्हणून. १९८६ मध्ये पुन्हा मेक्सिकोतच युरोपातील प्रेक्षकांच्या सायंकाळची सोय पाहण्यासाठी खेळाडूंना भर दुपारच्या उन्हात खेळावे लागले. २२ जून १९८६ रोजी अर्जेंटिना आणि इंग्लंड यांच्यातील उपांत्यपूर्व सामना मेक्सिको सिटीत दुपारी १२ वाजता सुरू झाला; भारतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दूरदर्शनसमोर जागून मॅराडोना पाहणाऱ्या आपल्याकडील एका पिढीच्या आठवणींत रात्रीची शांतता आहे, मैदानावरील ऊन नाही. दोन्ही गोष्टी एकाच व्यापारी निर्णयातून आल्या होत्या.

आजच्या विश्वचषकात तर चित्र एकाच ठिकाणी तयार होते. फिफासाठी होस्ट ब्रॉडकास्ट सर्व्हिसेस ही संस्था २००२ पासून सामन्यांचे मूळ चित्रण करते आणि तोच चित्रप्रवाह जगभरातील हक्कधारकांना पुरविला जातो. मोठे हक्कधारक स्वतःचे काही कॅमेरे जोडू शकतात. पण मैदानावरचे मुख्य चित्र मुंबई, लंडन आणि ब्यूनोस आयर्समध्ये एकच असते. आयोजक आणि चित्रकर्ता यांच्यात अंतर नसेल, तर चित्र कोणाच्या बाजूने बोलेल, हा प्रश्न येथे अपरिहार्यपणे उभा राहतो.

१ डिसेंबर २०२२ चा जपान-स्पेन सामना या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. मितोमाने गोलरेषेवरून चेंडू आत वळविला आणि तनाकाने गोल केला. थेट प्रक्षेपणातील चित्रांत चेंडू रेषेबाहेर गेल्यासारखा दिसत होता. सहायक व्हिडिओ पंचांनी मात्र गोल ग्राह्य धरला. या एका गोलामुळे जपान २-१ असा जिंकला आणि कोस्टा रिकावर ४-२ असा विजय मिळवूनही जर्मनी स्पर्धेबाहेर गेला. चेंडूच्या फुगीर कडेचा अंश रेषेच्या वर होता, हे पटवून देणारे चित्र प्रेक्षकाला त्या क्षणी मिळाले नाही. वरून टिपलेले एक छायाचित्र नंतर जगभर पसरले आणि फिफाचे स्पष्टीकरण दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमावर आले. निर्णय बरोबर होता. तरीही ज्या पुराव्यावर तो आधारला होता तो पंचांनी पाहावा आणि कोट्यवधी प्रेक्षकांनी पाहू नये, ही प्रक्षेपणातील उणीवच म्हटली पाहिजे. नाटकात पडद्याआड घडलेल्या खुनाचा वृत्तान्त निदान एखादे पात्र येऊन सांगते. येथे तेही झाले नाही.

चित्रप्रवाह एक असला, तरी त्याचे स्थानिक रूप वेगळे करता येते, याची दोन उदाहरणे याच स्पर्धेत मिळाली. महसा अमिनी हिच्या मृत्यूनंतर इराणमध्ये आंदोलन पेटलेले असताना, २१ नोव्हेंबर रोजी इंग्लंडविरुद्धच्या सामन्यापूर्वी इराणच्या खेळाडूंनी राष्ट्रगीत म्हटले नाही. जागतिक चित्रात त्यांचे मिटलेले ओठ दिसले. इराणच्या सरकारी दूरचित्रवाणीने त्या क्षणी खेळाडूंच्या रांगेवरून चित्र हलविले आणि स्टेडियमचे दूरदृश्य दाखविले. दुसरे उदाहरण बीबीसीचे. उद्घाटनाचा सोहळा तिने आपल्या मुख्य वाहिनीवर दाखविलाच नाही; त्याऐवजी गॅरी लिनेकर यांनी कतारमधील स्थलांतरित कामगारांची स्थिती आणि समलिंगी व्यक्तींविषयीचे कायदे यांच्या उल्लेखाने कार्यक्रम सुरू केला. एकाने सत्य झाकण्यासाठी चित्र बदलले, तर दुसऱ्याने चित्राच्या झगमगाटाआडचे काही सांगण्यासाठी. बीबीसीच्या कृतीवर दांभिकतेचा आक्षेप घेता येईल आणि तो घेतलाही गेला. तरी पुरविलेले चित्र म्हणजे हक्कधारकाचे भागधेय नव्हे, एवढे या दोन्ही कृतींतून सिद्ध होते.

चेंडूमागे धावणाऱ्या चित्राची मर्यादाही येथे नोंदविली पाहिजे. फुटबॉल हा बहुतांशी चेंडूपासून दूर, मोकळ्या जागेत खेळला जाणारा खेळ आहे. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने डी मारियाला डाव्या बगलेवर खेळविले. त्याच्यावर डेम्बेलेने केलेल्या आगळिकीमुळे २३व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली आणि मेस्सीने गोल केला. ३६व्या मिनिटाला डी मारियाने स्वतः दुसरा गोल केला. फ्रान्सच्या प्रशिक्षकाला ४१व्या मिनिटालाच दोन खेळाडू बदलावे लागले, त्यांत डेम्बेले होता. डी मारिया त्या बाजूला एकटा का सापडत होता, याचे उत्तर निकटदृश्यात मिळत नाही. त्यासाठी मैदान दुरून दिसावे लागते आणि कोणीतरी ते वाचून दाखवावे लागते. जिओसिनेमाने एकाहून अधिक कॅमेऱ्यांतून सामना पाहण्याची सोय दिली होती, ही चांगली गोष्ट. पण मोबाइलच्या पडद्यावर कोन बदलण्याचे स्वातंत्र्य म्हणजे खेळ समजणे नव्हे. वाचून दाखविण्याचे काम समालोचकाचेच राहते.

समालोचनाची भाषा

चित्र जर बाहेरून येते, तर भारतीय प्रक्षेपकाचे स्वतःचे असे काय उरते? चर्चेचे दालन आणि आवाज. दालनात वेन रूनी, लुईस फिगो, रॉबर्ट पिरेस, गिल्बर्टो सिल्वा, सोल कॅम्पबेल अशी मोठी नावे होती. मोठ्या खेळाडूची उपस्थिती आणि खेळाचे विवेचन या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी पैसा लागतो, दुसरीसाठी तयारी. आवाजाच्या बाबतीत इंग्रजी, हिंदी, बंगाली, मल्याळम आणि तमिळ अशा पाच भाषांचा पर्याय जिओसिनेमाने दिला. त्यांत मराठी नव्हती.

बंगाल आणि केरळ येथील फुटबॉलप्रेम पाहता या निवडीमागील हिशेब समजण्याजोगा आहे. मात्र पुढच्याच वर्षी, २०२३ च्या आयपीएल स्पर्धेत, याच मंचाने १२ भाषांतून समालोचन दिले आणि त्यांत मराठीचा समावेश होता. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती आणि मराठी श्रोत्याच्या अभावाचीही नव्हती. क्रिकेटसाठी मराठी श्रोता आहे आणि फुटबॉलसाठी नाही, असे कोणीतरी गृहीत धरले होते. कोल्हापूरचा फुटबॉल ज्याने पाहिला आहे त्याला हे गृहीतक विचित्र वाटेल. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तेथील संघांची नावे तालमींची आहेत. कुस्तीची परंपरा सांगणाऱ्या पेठांनी हा खेळ आपला केला आणि विश्वचषकाच्या दिवसांत त्याच पेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात.

मराठी प्रेक्षकाला हिंदी समजते, इंग्रजीही बऱ्याच जणांना समजते, मग मराठी समालोचनाची आवश्यकता काय, असा आक्षेप येऊ शकतो. तो वरवरचा आहे. प्रश्न समजण्यापुरता नाही; खेळाविषयी विचार करण्याची परिभाषा कोठे घडते, हा आहे. क्रिकेटही इंग्रजीतूनच आले. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी ते मराठीत सांगितले, वृत्तपत्रांनी साथ दिली आणि षटकार, त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिरक्षक हे शब्द इतके रुळले की ते घडविले गेले होते याचाही विसर पडला. फुटबॉलच्या बाबतीत वृत्तपत्रांनी अर्धे काम केलेले आहे. गोलरक्षक, बचावफळी, मध्यरक्षक, आघाडीवीर, मुसंडी, चाल हे शब्द छापील मराठीत आहेत. ते बोलले जात नाहीत, म्हणून त्यांची वाढ खुंटली आहे. कॉर्नर, पेनल्टी, ऑफसाईड हे शब्द तसेच ठेवावेत. त्यांना संस्कृत वेष चढविण्याचा उत्साह येथे उपकारक ठरणार नाही. गरज आहे ती डावपेचांच्या भाषेची.

मोरोक्कोचे उदाहरण घ्यावे. उपांत्य फेरी गाठणारा हा पहिला आफ्रिकी संघ. तोपर्यंतच्या पाच सामन्यांत त्याच्यावर एकच गोल झाला, तोही स्वयंगोल, कॅनडाविरुद्धचा. स्पेनविरुद्ध चेंडू बहुतांश वेळ स्पेनकडे होता. तरीही १२० मिनिटांत गोल झाला नाही आणि मोरोक्को पेनल्टींवर जिंकला. ‘मोरोक्कोने चिवट बचाव केला’ एवढेच म्हणणारा समालोचक काहीच सांगत नाही. मोरोक्कोच्या दोन फळ्यांमधील अंतर कसे आखूड राहिले, चेंडू एका बगलेकडून दुसरीकडे जाताना सारी फळी एकसंध कशी सरकली, हे सांगावयाचे तर कबड्डीतील साखळी आणि कोपरारक्षक हे शब्द मराठी श्रोत्याला जवळचे आहेत. त्या खेळात साखळी तुटणे म्हणजे काय, हे त्याला शिकवावे लागत नाही. कतारमध्ये पडद्यावरील आलेखात प्रथमच चेंडूचा ताबा तीन भागांत दाखविला जात होता : एका संघाचा, दुसऱ्याचा आणि कोणाचाच नसलेला. या तिसऱ्या भागाला मराठीत ‘झोंबाझोंबीचा वेळ’ म्हणता येईल आणि श्रोत्याला तो लगेच कळेल.

कायद्याचा एक मुद्दा ओझरता नोंदवितो. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडाप्रसंगांचे चित्र प्रसार भारतीला देणे २००७ च्या अधिनियमाने बंधनकारक केले आहे. विश्वचषकाचे निवडक सामनेही त्या सूचीत येतात. २०१७ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार हे चित्र प्रसार भारतीच्या स्वतःच्या जाळ्यापुरतेच, म्हणजे दूरदर्शनचे भूप्रक्षेपण आणि फ्री डिश यांवरच, दाखविता येते. हा कायदा चित्राचा विचार करतो. ते कोणत्या भाषेत पोहोचावे, याचा करीत नाही. सार्वजनिक प्रक्षेपकाने या मोकळ्या जागेत प्रादेशिक समालोचनाचा प्रयोग करावयास हरकत नव्हती. २०२६ च्या स्पर्धेसाठी संघ ४८ आणि सामने १०४ झाले, म्हणजे बोलण्याचे तासही त्याच प्रमाणात वाढले.

मराठी समालोचकाची खरी परीक्षा कोठे होईल, हे उद्घाटनाच्या सामन्यातच दिसले होते. तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या व्हॅलेन्सियाने हेडरने गोल केला आणि तो रद्द झाला. छताखालील १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. त्यांवरून तयार झालेले संगणकीय चित्र नंतर पडद्यावर आले. तरी ते पाहूनही अनेकांचा गोंधळ गेला नाही, कारण एस्ट्राडाच्या पुढे, गोलरेषेजवळ, कतारचा एक खेळाडू स्पष्ट दिसत होता. ऑफसाईड ठरविताना शेवटचा नव्हे, तर शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी मोजतात. एरवी गोलरक्षक मागे असतो म्हणून हा फरक जाणवत नाही. येथे गोलरक्षक चेंडू अडविण्यासाठी पुढे आला होता, त्यामुळे मागे राहिलेला तो एकटा बचावपटू शेवटचा ठरला, शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी त्याच्याही पुढे होता आणि एस्ट्राडाचा पाय त्याला ओलांडून गेला होता.